नॉनस्टिक नळी आणि ‘शुद्ध’ फेणी

काजूच्या बोंडांचा हंगाम आला, त्यांच्या आंबवलेल्या रसातून फेणी ही दारू गाळायला सुरुवात झाली की दोडामार्गापासून पेडण्यापर्यंत एक मेसेज फिरू लागतो: भट्टीच्या नळीला आतून नॉनस्टिक लेप द्या, पाणी अळूच्या पानावरून जातं तसं घरंगळून जाईल, अल्कोहोल वेगळं मिळेल, विषारी मिथेनॉलही उरणार नाही.

‘पाणी आणि अल्कोहोल वेगवेगळे थेंब धरतात.’ नाही धरत. दोन्ही एकमेकांत हव्या त्या प्रमाणात विरघळतात, त्यामुळे नळीतल्या प्रत्येक थेंबात दोन्ही असतात. शिवाय नळी पुरेशी थंड असेल तर आत शिरलेली सगळीच वाफ निवून खालच्या मडक्यात उतरते. शिरलं तेच उतरलं. मग लेपाने वाटेत वेगळं काय काढलं? कडकपणा ठरतो तो भांड्यात. अल्कोहोल ७८.४ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, म्हणून वाफेत अल्कोहोलचं प्रमाण रसातल्यापेक्षा जास्त. हुर्राक, म्हणजे पहिल्यांदा गाळलेली दारू, पुन्हा भट्टीवर चढवून फेणी करतात ती याचसाठी. आणि कितीही वेळा चढवा, वजनाने ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते, कारण तिथे वाफेतलं आणि द्रवातलं प्रमाण एकच होतं.

अळूच्या पानाचा दाखला तर साफ चुकीचा. पावसाचा थेंब वरून येतो आणि पानावरच्या मेणचट, सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर बसतो; खाली हवा असते. वाफ त्या उंचवट्यांमधल्या फटींतच निवते, आणि तिथे धरलेला थेंब घरंगळत नाही, रुतून बसतो. त्यात थेंबाला गोल धरून ठेवणारी ओढ, म्हणजे पृष्ठताण, पाण्याचा मीटरला ७२ मिलिन्यूटन, अल्कोहोलचा जेमतेम २२. अळूवर स्पिरिटचा थेंब टाकून बघा, पान भिजतं.

‘थेंब धरले की वाफ लवकर निवते.’ एवढं मात्र खरं. निव्वळ पाण्याच्या वाफेबाबत हे १९३० पासून माहीत आहे: सलग पातळ थरापेक्षा सुटे थेंब धरले तर उष्णता कैक पटींनी जास्त वाहून जाते. पण गंमत बघा, पाण्याच्या वाफेत थोडं अल्कोहोल असलं तर लेपाशिवायही थेंब उभे राहतात! थर जिथे पातळ तिथे त्याचा पृष्ठभाग जास्त थंड, अल्कोहोल अधिक, ताण कमी; जाड जागी याच्या उलट. द्रव जास्त ताणाकडे ओढला जातो. लेप विकणारे हे कशाला सांगतील?

राहिलं मिथेनॉल. ते ६४.७ अंशांना उकळतं, पण तेही पाण्यात नि अल्कोहोलात विरघळतं आणि त्याच थेंबातून मडक्यात येतं. पहिली धार वेगळी काढली तरी ते पूर्ण जात नाही, लेपाने तर अजिबात नाही. किती उरलंय हे प्रयोगशाळेतच तपासावं लागतं.