शिकागोचं ‘लपवलेलं साम्राज्य’ प्लास्टरचं होतं

अकरावीतल्या भाच्याने एक व्हिडिओ पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, म्हणजे पुस्तकातला इतिहास खोटाच असतो का?” व्हिडिओचं म्हणणं असं: १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातलं पांढरंशुभ्र शहर तेव्हा बांधलेलंच नव्हतं. ते ‘टार्टरिया’ नावाच्या प्रगत साम्राज्याचं, चिखलातून उकरून काढलेलं. सहा महिने दाखवलं आणि पुरावा उरू नये म्हणून जाळलं. लपवायचं होतं, तर तिकीट लावून अडीच कोटींहून जास्त लोकांना आत कशाला सोडलं, हे व्हिडिओवाल्याला सुचलेलं दिसत नाही.

व्हिडिओ म्हणतो, “दोन-अडीच वर्षांत एवढ्या दगडी इमारती अशक्य.” बरोबर, अशक्यच! म्हणून तर त्या दगडी नव्हत्या. लोखंड-लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ‘स्टाफ’, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, थोडं सिमेंट आणि तागाचे धागे. साच्यात ओतून खांब, पुतळे, नक्षी काढायची, सांगाड्यावर ठोकायची आणि वरून पांढरा रंग द्यायचा. ब्रशने उरकेना, म्हणून रंग फवारला. वास्तुविशारद डॅनियल बर्नहॅम यांच्या देखरेखीखाली चाललेलं हे काम प्रदर्शनाचे अधिकृत छायाचित्रकार सी. डी. आर्नल्ड टिपत होते. त्यांचे फोटो एकदा सलग पाहा: दलदल, रेती, उघड्या लोखंडी कमानी, अर्ध्या मढवलेल्या भिंती. व्हिडिओत फक्त तयार इमारती दिसतात, बांधकामाचा एकही फोटो नाही. याला संशोधन म्हणायचं?

आणि प्लास्टरचं पुढे काय होतं, तेही समोर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९१५ च्या प्रदर्शनातला ललित कलांचा महाल लोकांचा जीव जडला म्हणून पाडला नाही. तो ऊन-पावसात झडत गेला आणि शेवटी १९६० च्या दशकात काँक्रीटमध्ये नव्याने उभारावा लागला. शिकागोतला कलामहाल टिकला, कारण उसनी आणलेली चित्रं आगीपासून वाचावीत म्हणून त्याचं आतलं बांधकाम विटांचं होतं. नंतर त्याला चुनखडीचा दगड चढवला. आज तिथे विज्ञान आणि उद्योगाचं संग्रहालय आहे.

“मुद्दाम जाळलं.” रिकामं पडलेलं लाकूड, ताग आणि मंदीत बेघर झालेल्यांनी तिथे घेतलेला आसरा. १८९४ मध्ये आगी लागल्या. प्रदर्शन चालू असतानाही, जुलै १८९३ मध्ये, शीतगृहाची इमारत पेटून अग्निशमन दलाच्या जवानांचे जीव गेले होते.

“सहा महिन्यांसाठी एवढं कोण बांधेल?” अहो, सगळी ओढच त्यात आहे! नंतर दिसणार नाही म्हणून तर माणसं धावत जातात. १८५१ चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस वर्षभराच्या आत उभा राहिला आणि प्रदर्शन संपल्यावर सुटा करून दुसरीकडे नेला. आयफेल टॉवरला परवानगीच २० वर्षांची होती. जपानच्या ओसाकाने २०२५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सुमारे २ किलोमीटर परिघाचं लाकडी कडं उभारलं, ते काय टार्टरियाचं?

अशा प्रदर्शनांत इनक्युबेटरमधली बाळं तिकीट लावून दाखवली, हे मात्र खरं आहे, आणि आज ऐकवत नाही. पण व्हिडिओ म्हणतो तशी ती “यंत्रात बनवलेली” नव्हती. अपुऱ्या दिवसांची होती. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या प्रदर्शनात हा विभाग मांडणारे मार्टिन कूनी आईवडिलांकडून पैसे घेत नसत. खर्च तिकिटांतून निघे.

काही झाकलं गेलं, हेही मान्य. सेंट लुईसच्या १९०४ च्या प्रदर्शनात फिलिपिन्सच्या माणसांची ‘गावं’ वसवून त्यांनाच बघायला मांडलं. शिकागोत कृष्णवर्णीय अमेरिकनांना आयोजनातून जवळपास बाहेरच ठेवलं होतं. त्यावर कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस आणि इतरांना बरोबर घेऊन पुस्तिका छापली आणि ती प्रदर्शनाच्या आवारातच वाटली. व्हिडिओत वेल्स यांचं नाव एकदाही येत नाही.