सात बाय सातची खोली

न्यूयॉर्कला जेन स्ट्रीटच्या टोकाला, हडसन नदीसमोर, अष्टकोनी बुरुजाची एक लाल विटांची इमारत आहे. काही वर्षांपूर्वी मी तिथे चार रात्री राहिलो, कारण त्या शहरात मला परवडणारं दुसरं काही नव्हतं. खोली रेल्वेच्या कूपेएवढी, जेमतेम सात बाय सात फूट. एक बर्थ, वर सामानाची फळी, भिंतीला आरसा. संडास-बाथरूम पॅसेजमध्ये, सगळ्यांत मिळून. मला ती खोली मनापासून आवडली.

ही इमारत १९०८ साली खलाशांसाठी बांधली. आराखडा विल्यम बोरिंग यांचा. एलिस आयलंडचं स्थलांतरितांचं केंद्रही त्यांनी भागीदारासोबत उभारलेलं. बोटीवरून उतरलेल्या माणसाला २५ सेंटांत स्वच्छ खाट मिळावी, एवढा साधा हेतू. म्हणून खोल्याही बोटीवरच्या केबिनसारख्या. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिकवरून वाचलेले खलाशी इथेच उतरले, आणि बुडालेल्या सोबत्यांसाठी त्यांनी इथेच प्रार्थना केली. बर्थवर पडल्यावर मला झोप लागेना. त्यांनाही याच भिंती इतक्याच जवळ वाटल्या असतील.

२००८ साली तिचं स्वस्त हॉटेल झालं. आधीपासून तिथेच राहणारे जुने भाडेकरू मात्र कायद्याच्या संरक्षणामुळे राहिले. सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून नंबर लावून उभे असलेले एक आजोबा मला म्हणाले, "मी इथला पाहुणा नाही, इथलाच आहे."

२०२२ मध्ये इमारत पुन्हा विकली गेली. जिथे खलाशी जमायचे तिथे आता सभासदांचा खासगी क्लब आहे. दर्शनी भिंतींना २००० सालापासून वारशाचं संरक्षण आहे, त्यामुळे बाहेरून सगळं तसंच दिसतं. पण माझ्या मते त्या खोलीचं परवडणारं भाडं हाही वारसाच होता, आणि त्याला कुठलंच संरक्षण नव्हतं.

आपल्या मुंबईतही रीगल सिनेमासमोर खलाशांसाठी घर बांधलं होतं, १८७६ चं, वास्तुकार स्टीव्हन्स यांचं. आज तिथे पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच शहरात टाटा हॉस्पिटलबाहेर पेशंटचे नातेवाईक फुटपाथवर झोपतात. जुन्या लॉजच्या इमारती पाडताना किंवा सजवताना एखादा मजला तरी तसाच ठेवा: सात बाय सातच्या खोल्या, बाथरूम पॅसेजमध्ये, आणि भाडं असं की गावाहून आलेल्या माणसाला ते विचारायला संकोच वाटू नये.