वाळवलेल्या अळंबीचा तो मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात कुडाळजवळ आत्येकडे गेलो, तर तिने बिस्किटांचा जुना डबा पुढे केला. आत वाळवलेली रानअळंबी, शेजारणीने दिलेली. "वाळवल्यार वीख जाता मां?" असं विचारत तिने मोबाइलवरचा मेसेज दाखवला. कडक उन्हात वाळवली की अळंबीचं विष उडून जातं. विषारी असेल ती काळी पडते. शंका असेल तर गरम पाण्यात भिजवा, मूळ रूपात येते, फोटो पाठवा, आम्ही जात सांगू. शिवाय चांदीच्या चमच्याची परीक्षा आहेच, विष असेल तर चमचा काळा पडतो म्हणे.

विष उडून जातं, हे लिहिणाऱ्याचा मला मनापासून राग आला आहे. उन्हात उडतं ते पाणी, ताज्या अळंबीत ते ९० टक्क्यांच्या आसपास असतं. डेथ कॅप या अमॅनिटा कुळातल्या अळंबीचं अमाटॉक्सिन हे विष उन्हाने जात नाही, उकळूनही जात नाही. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात एका घरी जेवायला आलेल्या चौघांच्या पोटात ही अळंबी गेली, तिघे दगावले. पोलिसांना फेकून दिलेलं वाळवणाचं यंत्र सापडलं आणि त्यात याच अळंबीचे अंश होते. २०२५ मध्ये ते जेवण रांधणारी बाई खुनाच्या आरोपात दोषी ठरली. हे वाचूनही कुणी 'ऊन दाखवलं की झालं' म्हणणार असेल तर काय बोलायचं?

त्यातून हे विष लगेच कळत नाही. उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा ते चोवीस तास लागतात. मग थोडं बरं वाटतं, माणूस उठून बसतो, आणि तेवढ्यात आत यकृत निकामी होत असतं. म्हणून कुणी खाल्लीच असेल तर वाट बघू नका, उरलेले तुकडे बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

थंड मुलखातल्या गायरोमित्रा नावाच्या अळंबीचं विष वाळवल्याने काही अंशी उडतं, हे मान्य. पण तेही पूर्ण जात नाही, आणि त्या एका अळंबीची गोष्ट सगळ्या रानाला लावता येत नाही.

आता फोटो. डब्यातला एक तुकडा मी वाटीत भिजवला. अर्ध्या तासाने हाताला लागली तपकिरी, चिवट पट्टी. छत्रीखालचे पापुद्रे एकमेकांना चिकटलेले, वास डब्याचा, देठ अर्ध्यावर कापलेला. खरी अडचण त्या देठाची आहे. वारुळावरची अळंबी जाणती माणसं जागेवरून ओळखतात, आणि खाली वारुळापर्यंत गेलेल्या मुळासारख्या लांब देठावरून. अमॅनिटाची पिशवीसारखी खूणही देठाच्या बुडाशीच, मातीत असते. म्हणजे सगळ्यात चांगली आणि सगळ्यात घातक, दोघींची ओळख जमिनीखाली, आणि आपण विळीने वरच्या वर कापून आणतो! बीजाणूंचा रंग बघायचा तर ताजी छत्री रात्रभर कागदावर ठेवावी लागते. हे फोटोत कुठून येणार?

शास्त्रज्ञ वाळलेले नमुनेच जपतात, हे खरं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा मोठा संग्रह आहे. पण नमुना वाळवण्याआधी रंग, वास, जागा, आजूबाजूची झाडं लिहून ठेवायची असतात, आणि नंतर सूक्ष्मदर्शक लागतो, कधी डीएनए तपासावा लागतो. तेवढं करूनही काही नमुने कुळापर्यंतच ओळखता येतात.

काळी पडण्याचं आणि चमच्याचं फार बोलत नाही. चांगली अळंबीही वाळून तपकिरी होते. चांदी काळी पडते ती गंधकाने, या विषाने नाही.

स्वतः ओळखून काढलेली अळंबी वाळवायला माझी हरकत नाही, आजी तेच करायची. आत्येला मी एवढंच विचारलं, ही काढली कुणी? शेजारणीला भाच्याने दिली, भाच्याला आणखी कुणी. आत्ये गप्प झाली. दिलेलं अन्न टाकायला तिचा जीव होत नव्हता. शेवटी परसात खड्डा काढून तिने डबा रिकामा केला आणि कोंबड्या उकरतील म्हणून वर चिरा ठेवला. शेजारणीकडे अजून एक डबा आहे. आज संध्याकाळी तिच्याकडे जातोय.