कुणाला सांगू नका, मी मोनेरो घेतलंय

आईच्या स्वयंपाकघरात तांदळाचे दोन डबे असायचे. एक रोजचा आणि एक "आंबेमोहोर, पाहुण्यांसाठी." पाहुणे आले, जेवले, गेले, दुसरा डबा काही उघडलेला दिसायचा नाही. त्या आंबेमोहोराच्या तळाशी, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून काय ठेवलंय, ते आम्हाला नोव्हेंबर २०१६ मध्ये कळलं. ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्याचं टीव्हीवर ऐकून आई जी गप्प झाली, ती तीन दिवस. चौथ्या दिवशी तिने डबा बाबांसमोर परातीत पालथा केला. साडेअठरा हजार निघाले. बाबांनी ते दोनदा मोजले, नोटांना चिकटलेले तांदूळ झटकले आणि म्हणाले, "हे घरात होते, मग मी स्कूटरसाठी पतपेढीचं कर्ज कशाला काढलं?"

आठवडाभरात अर्ध्या कराडला ते साडेअठरा हजार माहीत झाले. पैसे बँकेत गेल्याचं आईला एवढं लागलं नाही. लागलं ते सगळ्यांना कळल्याचं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की आपलेही थोडे पैसे असावेत, जे कुणाला दिसणार नाहीत. वाईट काही करायचं नाही हो. मला पळून जायचं नाही, शस्त्रं घ्यायची नाहीत. फक्त डोंबिवलीतल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या घरात एक गोष्ट अशी असावी, जिच्याबद्दल सासूबाई "किती पडले गं?" असं विचारणार नाहीत. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमुखाने सांगितलं. तो निकाल आमच्या मजल्यापर्यंत पोचलेला नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात भाचा ओंकार जेवायला आला आणि त्याने मोनेरो या डिजिटल नाण्याचं नाव काढलं.

"मावशी, बिटकॉइन गुप्त असतं हा लोकांचा गैरसमज आहे," तो वरण ओरपत म्हणाला. "त्यात सगळे व्यवहार उघडे असतात. जगात कुणीही बघावे."

"म्हणजे आहेराची वही."

त्याने भात कालवायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मला एकदम पटलं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये दाराशी एक काका वही घेऊन बसतात आणि कुणी एकशे एक दिले, कुणी स्टीलचा डबा दिला ते कायमचं लिहून ठेवतात, तसं. बिटकॉइनच्या वहीत नावाऐवजी आकडे-अक्षरांची लांबलचक खूण असते, इतकाच फरक. पण आमच्या नात्यात अशा बायका आहेत की नुसत्या पाकिटाच्या घडीवरून आहेर कुणाचा ते सांगतील. एकदा का ती खूण तुमची आहे असं कळलं, की मागचे-पुढचे सगळे आहेर उघडे.

मोनेरोचं तसं नाही. एप्रिल २०१४ मध्ये ते निघालं, नाव एस्पेरांतो भाषेतलं आणि अर्थ नुसता "नाणं". त्यात पाकीट बंदच राहतं, रक्कम दिसत नाही. घेणाऱ्याचा पत्ता दर वेळी नवा तयार होतो. आणि देणारा कोण, हे लपवायला त्याच्यासोबत आणखी पंधरा जण उभे केले जातात. पूर्वी एकूण अकरा असत, ऑगस्ट २०२२ पासून सोळा. हे मी माझ्यापुरतं असं लावून घेतलं: हळदीकुंकवाला सोळा जणी एकसारख्या साड्या नेसून आल्या, एकदमच बाहेर पडल्या, त्यांतल्या एकीने वाण नेलं. कुणी नेलं ते सांगता येणार नाही. मात्र तीच बाई दुसऱ्यांदा वाणासाठी उभी राहिली तर "हे दिलेलं आहे" एवढं कळतं, आणि तरीही ती कोण ते कळत नाहीच! आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला ही सोय असती तर २०१९ सालचं ते भांडण झालं नसतं.

मी पाच हजार रुपये ठरवले. गेले तर दिवाळीत एक साडी कमी, असा हिशोब.

पहिली पायरी म्हणजे खातं उघडणं. गुप्त नाणं घ्यायचं म्हणून मी एका ॲपवर गेले, आणि त्याने माझ्याकडे पॅन, आधार, बँक खातं, घरचा पत्ता, वडिलांचं नाव, उत्पन्न आणि माझा चेहरा मागितला. इतकी माहिती आमचं लग्न जमवताना यांच्या घरच्यांनीही मागितली नव्हती. त्यात ॲपवाल्यांचा दोष नाही. मार्च २०२३ पासून या मंडळींना काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा लागू झाला आहे आणि ओळख पटवणं त्यांना भागच आहे. पण आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, आणि आमच्या घरातली सगळी आधार कार्डं ज्या नंबरला जोडलेली आहेत तो नंबर यांचा.

"अगं, कसला ओटीपी आलाय?" बाहेरच्या खोलीतून आवाज.

माझी गुप्तता एकंदर चार मिनिटं टिकली.

मग चेहरा. फोन म्हणाला डावीकडे बघा, उजवीकडे बघा, डोळे मिचकावा, हसा. मी खिडकीशी उजेडात उभी राहून हे सगळं केलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशीकाकांनी गॅलरीतून हात हलवला आणि लगेच आत गेले. दोन-तीन दिवस ते मला लिफ्टमध्ये भेटलेच नाहीत.

त्यानंतर बँक. खातं खरंच माझं आहे का हे बघायला त्यांनी एक रुपया पाठवला. खातं जॉइंट, त्यामुळे त्या रुपयाचा मेसेजही बाहेरच्या खोलीत वाजला. वर नाव जुळेना. १९९८ साली खातं उघडताना बँकेतल्या साहेबांनी आदराने माझ्या नावाआधी "सौ." लिहिलं होतं, आणि कॉम्प्युटरच्या मते ते माझं पहिलं नाव होतं. पॅनवर सौ. नावाची कुणी बाई नाही. पंचवीस वर्षांचा संसार करून सौ. काढून टाकायचा अर्ज मी बँकेत भरून दिला. काउंटरवरच्या मुलीने तो वाचला, माझ्या गळ्याकडे पाहिलं, मंगळसूत्र दिसल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

एवढं सगळं होऊन ॲप उघडलं तर यादीत मोनेरो नाहीच. कुत्र्याच्या तोंडाची नाणी चार प्रकारची, मोनेरो नाही. ओंकारला फोन केला.

"मावशी, ते सहजासहजी कुठेच नसतं. बायनान्स हा केवढा मोठा क्रिप्टो-बाजार, त्यानेसुद्धा २० फेब्रुवारीला काढून टाकलं. कुणाचे पैसे कुठे गेले ते दाखवता येत नसेल, तर सरकारला काय दाखवणार?"

"मग मी सौ. कशाला काढलं?"

"आता लाइटकॉइन नावाचं दुसरं नाणं घ्यायचं आणि ते बदलून मोनेरो घ्यायचं."

म्हणजे दादरला उतरून गाडी बदलायची. ते मला कळतं. पण पहिल्या ॲपमध्ये लाइटकॉइन घेता येत होतं, बाहेर नेता येत नव्हतं. सोनाराकडून बांगडी घेतली, पावती मिळाली, पण बांगडी सोनाराच्याच कपाटात! नवशिक्यांनी पैसे भरायच्या आधी हे एक बघावं, नाणं आपल्या वॉलेटमध्ये, म्हणजे आपल्याच ताब्यातल्या डिजिटल पाकिटात, काढून घेता येतं का. मी पैसे भरल्यानंतर बघितलं. विकून बाहेर पडले, विकताना १ टक्का टीडीएस कापला गेला, आणि दुसऱ्या ॲपवर पुन्हा डावीकडे बघा, उजवीकडे बघा. या खेपेला जोशीकाकांनी पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या ॲपने बाहेर नेऊ दिलं, पण फॉर्म भरून. पाठवणाऱ्याचं नाव: मी. घेणाऱ्याचं नाव: मी. दोघांचं नातं?

आता मोनेरोचं वॉलेट. ते फोनवर घेतलं तेव्हा त्याने मला पंचवीस शब्द दिले आणि बजावलं, हे कागदावर लिहा, कुणाला दाखवू नका, हरवले तर पैसे गेले. काही वॉलेटं हल्ली सोळा शब्दांवर भागवतात, माझं जुन्या वळणाचं निघालं. शब्द कुठल्या भाषेत हवेत हेही विचारलं. यादीत जपानी होतं, एस्पेरांतो होतं, लोज्बान नावाची एक भाषा होती, जी कुणाच्याही आईने अंगाईत गायलेली नाही. मराठी नव्हतं. इंग्रजी घेतलं आणि वाण्याच्या यादीच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून काढलं. अर्धा किलो साबुदाणा, हिंग, आणि त्याखाली ते पंचवीस शब्द.

याच सुमारास, मी एका ग्रुपवर एक शंका विचारल्यामुळे, इंग्रजीत एक सज्जन आपणहून आले. मॅडम, मी सपोर्टमधून बोलतोय, तुमचे पंचवीस शब्द पाठवा, लगेच चेक करून देतो. मी त्यांना विचारलं, तुमच्या एटीएमचा पिन सांगता का आधी. सज्जन गेले. पगाराच्या तारखेला बँकेच्या नावाने येणारे फोन घेऊन घेऊन डोंबिवलीची बाई एवढी तयार झालेली असते.

खरी परीक्षा पत्त्याची. मोनेरोचा पत्ता पंचाण्णव अक्षरांचा, ४ पासून सुरू होणारा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर फोन तो पत्ता बहुधा मान्यच करत नाही, पण कॉपी करताना भलताच पूर्ण पत्ता चिकटला तर पैसे त्याच्या दारात. परत मागायला पोस्टमन नाही. मी पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं मोठ्याने वाचत होते. सासूबाईंना वाटलं मी स्तोत्र म्हणतेय. त्या देवघरातून म्हणाल्या, "उच्चार नीट कर."

नाणी बदलून देणाऱ्या साइटला हा पत्ता द्यायचा, तिकडे लाइटकॉइन पाठवायचं, मोनेरो इकडे येतं. आधी पाचशे रुपयांचंच पाठवावं असं ओंकारने सांगितलं होतं. मला वाटलं दोनदा फी कशाला. एकदम सगळं पाठवलं आणि पुढची पस्तीस मिनिटं मी मटार सोलले. घरात मटारची भाजी करायची नव्हती. शेवटी फोन वाजला. शून्य पूर्णांक चौतीस मोनेरो, त्यापुढे आणखी दहा आकडे, कारण हे नाणं दशांशाच्या बारा घरांपर्यंत जातं. सगळ्यांत बारक्या तुकड्याला पिकोनेरो म्हणतात. माझ्याकडे चौतीस हजार कोटी पिकोनेरो होते. असं म्हटल्यावर मला बरं वाटलं.

दिसत होते, पण हात लावता येत नव्हता. दर दोन मिनिटांनी एक याप्रमाणे दहा ब्लॉक, म्हणजे मोनेरोच्या वहीची दहा पानं, जाईपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटं, ते कुलपात. नैवेद्य दाखवल्यावर थांबतात तसं थांबले.

पुढच्या महिन्यात फोन बादलीत पडला. नवा फोन, तेच वॉलेट, आता शब्द टाकायचे. वाण्याची वही काढली आणि शब्द चोवीस! पंचविसावा लाल पेनने खोडलेला. यांना विचारलं.

"अगं, एकच शब्द दोनदा लिहिला होतास. मी दुरुस्त केला."

तो शब्द दोनदाच असतो. शेवटचा शब्द आधीच्या चोवीसांतलाच एक असतो, लिहिताना चूक झाली तर पकडायला. यांनी ती सोय चूक समजून पकडली. नशीब खोडलेलं वाचता येत होतं. मग वॉलेटने विचारलं, कोणत्या तारखेपासून शोधू? मी रकाना रिकामा सोडला. मोनेरोत पैसे इतके लपलेले असतात की यातलं आपलं कुठलं, हे वॉलेटला एकेक ब्लॉक उघडून बघावं लागतं; त्यामुळे ते एप्रिल २०१४ पासून बत्तीस लाख ब्लॉक तपासत बसलं. फोन तव्यासारखा तापला. दुसऱ्या दिवशी ओंकारने तारीख घालून दिली, आणि चहाला उकळी येईपर्यंत काम झालं.

जुलैत आयकर. पंधरा वर्षं मी "सहज" फॉर्म भरत आले. तळमजल्यावरचे सीए देशपांडे म्हणाले, वहिनी, क्रिप्टो असेल तर सहज चालत नाही, आयटीआर-२ लागेल, त्यात वेगळं परिशिष्ट आहे. लाइटकॉइन देऊन मोनेरो घेतलं तोही विक्रीचाच व्यवहार. कधी घेतलं, कधी दिलं, कितीला, सगळं लिहायचं. त्या अर्ध्या-पाऊण तासात लाइटकॉइन जरासं चढलं होतं. नफा अकरा रुपये. त्यावर ३० टक्के, म्हणजे तीन रुपये तीस पैसे, वर सेस. आणि पहिल्या ॲपवर विकताना जो तोटा झाला होता तो यातून वळता करता येतो का विचारलं, तर म्हणाले, नाही, तो तुमचा तुम्ही ठेवा.

देशपांड्यांच्या बायकोने जिन्यात विचारलं, "मोनेरो घेतलंत म्हणे. काय भाव पडला?"

रात्री आईला फोन करून सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. पंचवीस शब्द आता कुठे ठेवलेस, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तांदळाच्या डब्यात, तळाशी, दुधाच्या पिशवीत.

"अगं ए, डबा नको. डबा बघतात," आई म्हणाली. "मी २०१७ पासून डबा सोडला."

"मग आता कुठे ठेवतेस?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आई म्हणाली, "गॅस बंद करते हं," आणि फोन ठेवून दिला.