समुद्राला सातबारा नसतो

परवा राजापूरहून मामेभावाचा फोन आला. "जैतापूरच्या अणुप्रकल्पात जमिनीवरून केवढा वाद झाला ना? मग तुमच्या रशियासारखं तरंगतं अणुवीज केंद्र आणू दे की! एक गुंठाही जाणार नाही." गावाकडे बरेच जण आता असं बोलतात. मला ते पटत नाही, आणि ते मी राहतो त्या सेंट पीटर्सबर्गमुळेच.

‘अकादमिक लोमोनोसोव’ हे रशियाचं तरंगतं केंद्र इथल्याच बाल्टिक गोदीत बांधलं. 144 मीटर लांबीचा तराफा. स्वतःहून चालत नाही, ओढून न्यावा लागतो. बर्फ फोडणाऱ्या जहाजांवर असतात तशा दोन अणुभट्ट्या, मिळून 70 मेगावॅट वीज. इंधनही इथेच, पन्नास लाखांच्या शहरात भरायचं होतं. लोकांनी हरकत घेतली, शेजारच्या देशांनीही. मग 2018 मध्ये तराफा इंधनाविनाच मुरमान्स्कला नेला आणि तिथे भरला. अणुजहाजांचा तळ तिथे आधीपासून आहे हे खरं. पण माणसं तिथेही अडीच लाखांवर राहतात.

मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही. आर्क्टिकच्या काठावरच्या पेवेकला हे केंद्र शोभतं. दोन्ही भट्ट्या मिळून 300 मेगावॅट उष्णता देतात. वीज होऊन उरते त्यातली काही तिथे घरं गरम करायला लागते. कोकणात घरं कुठे गरम करायची आहेत? उरलेली सगळी उष्णता समुद्रातच जाणार. शिवाय आपल्याकडे वादळं. 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळात, कामगार राहत होते त्या पी-305 तराफ्याचे नांगर तुटले, तो बुडाला, कितीतरी माणसं गेली. आराखडा काढणाऱ्याने आधी त्या रात्रीचं उत्तर द्यावं.

आणि जमीन वाचली म्हणजे झालं का? जैतापूर प्रकल्पाशेजारच्या साखरीनाट्याच्या मच्छीमारांची धास्ती जमिनीपुरती कधीच नव्हती. गरम पाण्याने मासळी दूर जाईल, सुरक्षेच्या नावाखाली होड्यांना वाट बंद होईल, ही त्यांची भीती. एप्रिल 2011 मध्ये तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. तरंगतं केंद्र नेमकं त्यांच्याच पाण्यात उभं राहणार, आणि दाखवायला त्यांच्याकडे सातबारा नाही. भूसंपादनच नाही, तर प्रकल्पग्रस्त कुणाला म्हणणार?

भावाला मी एवढंच म्हटलं, कोण कुठल्या महिन्यात कुठे जाळं टाकतो, ते आधी सरकारी कागदावर चढू दे. तराफ्याचं मग बोलू.