सोलरच्या ‘रेडिएशन’ला घाबरलेल्या आत्यासाठी

कराडच्या आत्याने गेल्या आठवड्यात सोलरवाल्याला ‘नको’ म्हणून कळवलं. कारण विचारलं तर तिने एक मेसेज पुढे ढकलला. ‘छतावर सोलर बसवण्याआधी हे वाचा!’ आणि खाली पाच दावे: पॅनेलमधून रेडिएशन येतं आणि वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांना त्याने कॅन्सर होतो, पॅनेल बनवायला लागते तेवढी वीज ते जन्मात परत देत नाही, पावसाळ्यात चार महिने बंद, लाइट गेली की सोलरही जातं, आणि सबसिडी ही थाप आहे. आत्याची नात वरच्या खोलीत झोपते. पहिल्याच ओळीने काम फत्ते केलं.

तर रेडिएशन. पॅनेल म्हणजे काच, अॅल्युमिनियमची चौकट आणि मध्ये सिलिकॉनचे पातळ तुकडे. सिलिकॉन येतं गारगोटीच्या दगडातून. यात किरणोत्सारी काही नाही. पॅनेल उजेड आत घेतं आणि त्याची वीज करतं, बॅटरीतून येते तशी डीसी. ज्या उन्हाचं भय घातलंय, ते ऊन आजवर थेट स्लॅबवर पडत होतंच की! आमच्या गच्चीवर एप्रिलमध्ये दुपारी अनवाणी जाऊन पाहा: उघड्या फरशीवर दोन पावलं टाकवत नाहीत, पॅनेलखालच्या सावलीत निवांत उभं राहता येतं. खालची खोली त्याने तापत नाही, उलट थोडी निवते. आणि हा मेसेज आत्या रात्री उशाशी मोबाइल ठेवून वाचत होती. रेडिओ लहरी फेकणं हे त्या मोबाइलचं कामच आहे. त्यावर मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

दुसरा दावा ऐकायला शास्त्रीय वाटतो, म्हणून जास्त फिरतो. सिलिकॉन वितळवून शुद्ध करायला प्रचंड वीज लागते हे खरं, आणि आज जगातली बहुतेक पॅनेल चीनमध्ये, बरीचशी कोळशाच्या विजेवर बनतात हेही खरं. पण म्हणून वसुलीच होत नाही? जर्मनीतली फ्राउनहोफर ही संस्था हा हिशेब वर्षानुवर्षं मांडतेय. तिच्या आकड्यांनुसार युरोपातल्या छतावर ही ऊर्जा सुमारे एका वर्षात वसूल होते, थोडं इकडेतिकडे. जर्मनीपेक्षा आपल्याकडे ऊन किती जास्त, हे कराडकरांना सांगायला नको. पॅनेलची वॉरंटी साधारण २५ वर्षांची असते. उरलेली वर्षं कुणाच्या खात्यात धरायची?

पावसाळ्यात उत्पादन घटतं, बंद पडत नाही. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज एकमेकांतून वजा करणाऱ्या मीटरच्या सोयीत, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्याला वळती होतात. सबसिडीही थाप नाही: पीएम सूर्यघर योजनेत, २०२४ पासून, पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. मात्र ती सगळं बसवून झाल्यावर खात्यात येते, तोवर पैसे आपले अडकतात. ‘बिल शून्य’ म्हणणारे विक्रेतेही थोडे खोटंच बोलतात, कारण स्थिर आकार भरावाच लागतो.

आणि हो, लाइट गेली की सोलर जातं, हे खरंय. काय करणार, मान्य करावं लागतं. पॅनेलची डीसी वीज घरात वापरायच्या एसीत बदलणारा, बॅटरी नसलेला साधा सोलर इन्व्हर्टर मुद्दामच बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसेल. ज्यांच्याकडे रोज चार तास लाइट जाते त्यांनी बॅटरीचा खर्च धरूनच विचार करावा. आत्याकडे महिन्यातून एखाददोनदा जाते.

तिच्या गच्चीची खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. दक्षिणेच्या कठड्यापलीकडे शेवगा वाढलाय, साडेनऊपर्यंत त्याची सावली गच्चीच्या निम्म्या भागावर असते. एका पॅनेलवर सावली पडली तरी एकाच तारेत जोडलेली बाकीची मार खातात. आत्या, सोलरवाल्याला परत फोन लाव, पण त्याआधी तो शेवगा छाटून घे. शेंगा आमच्याकडे पाठव.