कॉमेंट्रीत बॉलचा अडथळा नको

आवाज खणखणीत आहे. समोरच्याला मध्ये तोंड उघडू न देता दीड तास बोलायची सवय आहे. फुटबॉलमधलं मात्र फारसं काही कळत नाही. हे वर्णन तुमचं असेल तर इथे उगीच आयुष्य वाया घालवू नका, अमेरिकेच्या टीव्हीवर सॉकरची, म्हणजे आपल्याच फुटबॉलची, कॉमेंट्री करायला निघा. आवाज थोडा बसका असला तरी चालवून घेतील. तिसऱ्या अटीत मात्र सूट मिळेल असं समजू नका. मोठमोठ्या वाहिन्यांनी ती निष्ठेने पाळलेली आहे.

२००६ चा जर्मनीतला विश्वचषक घ्या. ईएसपीएन आणि एबीसीने मुख्य कॉमेंटेटर म्हणून डेव्ह ओब्रायन यांना बसवलं. गृहस्थ मूळचे बेसबॉलचे. प्रेक्षकांनी इतक्या शिव्या घातल्या की पुढच्या खेपेला वाहिनीने थेट इंग्लंडहून माणसं मागवली. त्यांच्याकडे येतोच. २०१३ साली फॉक्सने गस जॉन्सनना आणलं. बास्केटबॉलच्या शेवटच्या दहा सेकंदांत हा माणूस ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणतो, त्यात वादच नाही. त्या भरवशावर फेब्रुवारीत त्यांना युरोपच्या फुटबॉलवर सोडलं आणि मे महिन्यात वेम्ब्लीवरची बायर्न-डॉर्टमुंड चॅम्पियन्स लीग फायनल हातात दिली. बुवा कीर्तन उत्तम करतात, मग वरातीत क्लॅरिनेटही तेच वाजवतील, असा हा हिशोब. जॉन्सन पुढच्या वर्षी स्वतःहून बाजूला झाले. असला प्रामाणिकपणा तुम्ही दाखवू नका, करिअर संपतं.

आता तुमचा प्रेक्षक कोण ते समजून घ्या. तो फुटबॉल बघायला बसलेला नाही. तो चुकून या वाहिनीवर आलाय, त्याच्या हातात रिमोट आहे आणि अंगठा वळवळतोय. तुम्हाला पगार मिळतो तो हा अंगठा धरून ठेवण्याचा. तेव्हा त्याला ऑफसाइड, म्हणजे बचावपटूंच्या पलीकडे जाऊन पास घ्यायचा नाही हा नियम, समजावून सांगा. मागच्या शनिवारी सांगितलं होतं? आज शनिवार नाही का? सांगा. १९९४ साली अमेरिकेत विश्वचषक झाला तेव्हा ५२ सामन्यांना मिळून ३५ लाखांहून जास्त माणसं आली होती, पण म्हणून त्यांना ऑफसाइड कळतो असं धरून चालायचं नाही. एमएलएस ही अमेरिकेतली सॉकर लीग १९९६ पासून चालू आहे, ती बघत वाढलेली पोरं आता स्वतःच्या पोरांना प्रॅक्टिसला सोडायला जातात. त्यांनाही सांगा. रोज जेवायला येणाऱ्या पाहुण्याला रोज वरण म्हणजे काय ते सांगावं, तितक्या अगत्याने सांगा.

ऑफसाइड झाला की कुंडली. प्रत्येक खेळाडूचं कॉलेज, उंची, वजन, वडिलांचा व्यवसाय, लहानपणी कुठला दुसरा खेळ खेळायचा, आणि एक भावुक प्रसंग. बॉल कुणाकडे आहे हे सांगायची गरज नाही, तो दिसतोच आहे.

माझे मामा गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून आमच्याकडे न्यू जर्सीत आले होते. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत उभं आयुष्य गेलेला माणूस. तिथे लाइन्समनचा झेंडा वर जायच्या आत अख्खी गॅलरी ऑफसाइड देऊन मोकळी झालेली असते, समजावून सांगायचं कुणी कुणाला? मी कौतुकाने त्यांना एमएलएसचा सामना लावून दिला. वीस मिनिटं मामा मान तिरकी करून ऐकत राहिले. इंग्रजी त्यांना चांगलं समजतं, बँकेत नोकरी झालेली आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "का रं, ह्यो मॅच सांगालाय का स्थळ सुचवालाय?"

मी उगाच हसलो. पण त्यानंतर ती कॉमेंट्री मला सरळ कानाने ऐकता येईना. उंची सहा फूट एक, शिक्षण अमुक विद्यापीठ, आई शिक्षिका, मुलगा निर्व्यसनी. पत्रिका पाहणे आहे.

हे असं का होतं, याला कारण आहे, आणि भावी कॉमेंटेटर म्हणून ते तुम्हाला माहीत हवं. या धंद्याचं शिक्षण बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलवर (बॉल हातात घेऊन पळायचा तो वेगळाच खेळ) झालेलं आहे. २०१० साली वॉल स्ट्रीट जर्नलने घड्याळ लावून मोजलं होतं. अमेरिकन फुटबॉलच्या तीन तासांच्या प्रक्षेपणात खेळ प्रत्यक्ष चालू असतो साधारण ११ मिनिटं. उरलेले पावणेतीन तास भरायचे कशाने? जाहिरातींनी, रिप्लेंनी आणि बोलण्याने. तिथला कॉमेंटेटर खड्डे भरणारा गवंडी असतो, आणि फार कसबी असतो. बेसबॉलमध्येही दोन चेंडूंच्या मधल्या वेळात एखादी गोष्ट सांगून बरोबर पुढचा चेंडू पडायच्या आत संपवायची, ही खरोखर कला आहे. आता हाच गवंडी सॉकरच्या मैदानात आणून उभा केला, तर त्याला खड्डाच सापडत नाही. पंचेचाळीस मिनिटं सलग खेळ! पण थापी तर हातात आहे. मग तो सपाट रस्त्यावरच सिमेंट ओतत सुटतो.

ही अखंडता टीव्हीला पहिल्यापासून सलते. १९६७ साली सीबीएसने अमेरिकेतली नवी व्यावसायिक लीग दाखवायला घेतली. त्या हंगामात पीटर ऱ्होड्स नावाच्या पंचांनी एका सामन्यानंतर सांगून टाकलं की आपण दिलेल्या २१ फाउलांपैकी ११ जाहिरातीला जागा व्हावी म्हणून दिले होते. काय माणूस! खेळाडू कळवळतोय, कशासाठी? तर शेव्हिंग क्रीमसाठी. (क्रीम माझं. जाहिराती कशाच्या होत्या कोण जाणे.) १९९० च्या विश्वचषकात टीएनटीने शिट्टीबिट्टीची वाट न बघता चालू खेळातच जाहिराती घुसवल्या. १९९४ ला एबीसी आणि ईएसपीएनने प्रायोजकाचं चिन्ह घड्याळाशेजारी बसवून सामने न तोडता दाखवले आणि कॉमेंटेटरांवर मोठं संकट आणलं. जाहिरात लागली की निदान घसा ओला करता यायचा. आता त्यावरही उतारा निघालाय. २०२६ च्या विश्वचषकासाठी फिफाने प्रत्येक सामन्याच्या प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांचा पाणी पिण्याचा ब्रेक जाहीर केला. हवा थंड असो, वर छप्पर असो, तहान लागलेली असो वा नसो. म्हणजे खेळाचे चार तुकडे. अमेरिकन माणसाला चार तुकड्यांची सवय आहेच, तेव्हा तुम्ही बिनधास्त 'तिसऱ्या क्वार्टरमध्ये' म्हणा. कुणी हसलं तर पाणी प्या.

एमएलएसने सुरुवातीला घड्याळही उलटं लावलं होतं, ४५ वरून शून्याकडे. आणि बरोबरी कुणाला आवडत नाही असं ठरवून ३५ यार्डांवरून पाच सेकंदांत गोल मारायची शर्यत ठेवली होती. १९९९ नंतर दोन्ही गेलं. पण विचार गेला असं समजू नका. ०-० हा स्कोअर पडद्यावर दिसला की तुमच्या आवाजात थोडी दिलगिरी आली पाहिजे, पाहुणे आल्यावर लाइट जावेत तशी. "अजून गोल नाही, पण..." असं म्हणून पुढे काहीतरी लांबलचक सांगा. दोन बचावपटूंनी वीस मिनिटं एका स्ट्रायकरला कसं बांधून ठेवलंय, हे मात्र सांगू नका. त्यात काही मजा असते असा प्रेक्षकाला संशय यायचा.

आणि खरं मात्र कधीच बोलू नका. त्याच १९६७ साली सीबीएसने कॉमेंट्रीला डॅनी ब्लँचफ्लॉवर यांना आणलं होतं. १९६१ साली टॉटनहॅम या इंग्लिश क्लबला एकाच हंगामात लीग आणि कप दोन्ही जिंकून देणारा कॅप्टन. या माणसाची अडचण अशी की खेळ सुमार दिसला की तो सुमार म्हणायचा. वाहिनीने माल विकायला घेतलेला, आणि गल्ल्यावर बसवलेला माणूस गिऱ्हाइकाला सांगतोय की भाजी शिळी आहे. त्यांचं फार काळ जमलं नाही. ब्लँचफ्लॉवरनी पुढे स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडमध्ये त्यावर लेख लिहिला. लेख चांगलाच असणार, पण नोकरी ती नोकरी. मला विचाराल तर अमेरिकन टीव्हीवर सॉकरबद्दल सगळ्यात शहाणा बोलणारा माणूस पहिल्याच हंगामात येऊन गेला, आणि तेव्हापासून सगळे ती जागा पुन्हा शहाण्याच्या हाती जाऊ नये म्हणून जपतायत.

प्रवासाची चिंता करू नका. २०१८ चा विश्वचषक रशियात होता, पण फॉक्सच्या कॉमेंटेटरांनी त्यातले बरेच सामने लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पडद्याकडे बघून सांगितले. म्हणजे प्रेक्षक सोफ्यावर बसून जे बघत होता तेच तेही बघत होते. फरक इतकाच की प्रेक्षकाला गप्प बसण्याची सोय होती. त्या स्पर्धेत अमेरिका नव्हतीच. त्रिनिदादला २-१ हरून आधीच्या ऑक्टोबरात घरी बसली होती. पण अमेरिका नाही म्हणून अमेरिकेबद्दल बोलायचं नाही असं कुठे लिहिलंय? क्रोएशियाचा गोलकीपर पेनल्टी अडवतोय तेव्हा आपला संघ चार वर्षांनी काय करेल याची चर्चा सुरू करा.

एवढं करूनही टीका झालीच तर शेवटचा उपाय आहे. इंग्रजी उच्चार.

२०१० साली ईएसपीएनने मार्टिन टायलर, इयन डार्क, एड्रियन हिली, आणि स्कॉटलंडचे डेरेक रे अशी फौज दक्षिण आफ्रिकेला नेली. अल्जीरियाविरुद्ध ९१ व्या मिनिटाला लँडन डोनोव्हनने गोल मारला तेव्हा अमेरिकेसाठी गळा काढून ओरडत होते ते इयन डार्क, इंग्लंडचे. २०१३ मध्ये एनबीसीने प्रीमियर लीग घेतली ती आर्लो व्हाइटना घेऊन, त्यांच्यानंतर पीटर ड्रुरी. माणसं कसलेली आहेत, मी काही त्यांना नावं ठेवत नाही. पण तुमच्या उपयोगाचा भाग वेगळा आहे. अमेरिकन माणूस 'झिरो' म्हणाला तर अडाणी, इंग्रज 'निल' म्हणाला तर जाणकार. अमेरिकन 'फील्ड' म्हणाला की डोळे वर जातात, 'पिच' म्हटलं की माना डोलतात. मैदान तेच, गवत तेच. 'सॉकर' शब्दावरून अमेरिकनांना सगळं जग हसतं, आणि तो शब्द केला कुणी? १८८० च्या दशकातल्या ऑक्सफर्डच्या पोरांनी, 'असोसिएशन फुटबॉल'मधल्या असोसिएशनची शेपटी छाटून. पण हे कुणाला सांगत बसू नका. सहा महिने आरशासमोर 'निल' म्हणा, बाकीचं आपोआप येईल.

यात आपण मराठी माणसांनी फार हसू नये. नव्वदच्या दशकात आपणही ईएसपीएन-स्टारवर याच आवाजांत प्रीमियर लीग ऐकत शिकलो. 'ब्रिलियंट' म्हटलं की ब्रिलियंट. माझ्या एका मित्राला अमेरिकन कॉमेंटेटर पेनल्टी किकला 'पीके' म्हणाला की चीड येते, म्हणे खेळाचा अपमान. त्याचं स्वतःचं शिक्षण कोल्हापुरात झालं, तिथे पेनल्टीला 'पेनल्टी' म्हणतात आणि पंचाला जे म्हणतात ते इथे लिहिता येत नाही. त्याला इंग्लंडशी काय देणंघेणं? पण कान एकदा बाटले की बाटले.

एका माणसापासून मात्र सांभाळून. आंद्रेस कँटोर. मूळ ब्युनोस आयरेसचे, आधी युनिव्हिजनवर आणि आता तेलेमुंदोवर स्पॅनिशमध्ये बोलतात. गोल झाला की 'गोल' हा शब्द एका दमात इतका लांबवतात की आपलाच श्वास कोंडतो. तुम्ही म्हणाल, हे सोपं आहे, हे आपणही करू. करू नका. बऱ्याच जणांनी करून पाहिलंय, आणि ते दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखं ऐकू येतं. कारण कँटोर ते ओरडण्याआधी नव्वद मिनिटं बॉलच्या मागे असतात. कुणी दिला, कुणी घेतला, कुठे अडला. त्यामुळे तो आवाज कुठून तरी आलेला असतो. स्पॅनिशचा एक शब्द न कळणारी कितीतरी माणसं इथे सामना तिकडेच लावतात. ही स्पर्धा तुम्हाला परवडणारी नाही. तुम्ही तुमचे स्थळाचे कागद घट्ट धरून ठेवा.

मामांच्या त्या सामन्याचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी उठून चहा टाकला. आमच्या घरात ओटा आणि टीव्ही यांच्यामध्ये भिंत आहे, पडदा तिथून दिसत नाही. ८८ वं मिनिट असेल. एक कॉमेंटेटर लेफ्ट बॅकच्या आजीबद्दल सांगत होता, तिने त्याला पहिले बूट कसे घेऊन दिले, कुठल्या दुकानातून, केवढ्याला. दुसरा मध्ये मध्ये 'वा' म्हणत होता. मीही ऐकत होतो, खोटं कशाला बोलू, आजी बरी वाटली.

आतून गाळणं आपटल्याचा आवाज आला.

"गोल झाला न्हवं रं?"

मी पडद्याकडे बघितलं. खेळाडू कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी एकमेकांच्या अंगावर पडले होते. बूट अजून दुकानातच होते.

"झाला मामा. तुम्हाला कसं कळलं?"

"पब्लिक वरडलं की," मामा कप घेऊन बाहेर येत म्हणाले. "डाव्या बाजूनं आला असंल. तिकडचा गडी कवाधरनं मोकळा हुता."